फुटकी सुरई, आणि कॅमेरा कुठे?

प्रश्न : नमस्कार ताई. जर्मन शिकणाऱ्या आम्हा पाच जणांना हाइनरिश फॉन क्लाइस्टच्या ‘डेर त्सरब्रोखने क्रूग’वर, म्हणजे ‘फुटक्या सुरई’वर, तासाभराची फिल्म करायची आहे. सगळं नाटक कोर्टाच्या एका खोलीत घडतं. आदल्या रात्रीचा प्रसंग फ्लॅशबॅकमध्ये दाखवला नाही तर फिल्म म्हणजे नुसतं शूट केलेलं नाटक होईल, असं आमच्यातले दोघे म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : त्या दोघांना चहा पाजा, फ्लॅशबॅक देऊ नका.

नाटक न वाचलेल्यांसाठी सांगते. हॉलंडमधल्या उट्रेख्टजवळच्या खेड्यातली मार्थाबाई फुटकी सुरई घेऊन कोर्टात येते. रात्री तिच्या मुलीच्या खोलीत कुणीतरी शिरलं आणि पळताना सुरई फुटली. खटला ऐकायला बसलेला न्यायाधीश आदाम, आणि सुरई फोडणाराही तोच! त्यात नेमके त्याच दिवशी वरून तपासणीला साहेब आलेले.

आदामचं डोकं फुटलंय, विग गायब आहे. कारकुनाला तो सांगतो, विगमध्ये मांजर व्याली. साहेबांना सांगतो, कागद वाचताना विग मेणबत्तीनं पेटला. तुम्ही रात्र दाखवून टाकलीत की या नुसत्या थापा उरतात. नाही दाखवलीत तर प्रेक्षक जखम बघतो, थाप ऐकतो आणि मनात दोन्हींची सांगड घालतो. हसू तिथं फुटतं. मी स्वतः हा घोळ घातलाय. एका एकांकिकेची टेलिफिल्म लिहिताना म्हातारा ज्या विहिरीत पडल्याचं सांगतो ती विहीरच मी दाखवली. खूश होते मी. नाटकात टाळी घेणारं वाक्य पडद्यावर मुकाट निघून गेलं.

मार्थाबाईचं सुरईवरचं लांबलचक भाषण कापायचा मोह होईल. कापू नका. सुरईवर चितारलेला सम्राट पाचवा कार्ल, त्याचे आता फक्त पाय उरलेत, आणि ती बोट दाखवते ते भोकाकडे! मागच्या रांगेतल्याला ते भोक दिसत नाही, तुमच्या कॅमेऱ्याला दिसतं. मात्र अखंड सुरई एकदाही दाखवायची नाही.

1808 मध्ये जर्मनीतल्या वायमारला कवी गटेनं हे नाटक बसवताना या एकसलग नाटकाचे तीन अंक पाडले आणि प्रयोग आपटला. तुमचा फ्लॅशबॅक म्हणजे सलगपणा तोडायची तीच चूक. 1937 च्या जर्मन चित्रपटात एमिल यानिंग्स आदाम झाला होता, तो जरूर बघा. त्याची पटकथा थेआ फॉन हार्बोची. (हीच बाई आपल्या बेळगावकडच्या पत्रकार आयी तेंडुलकरांची बायको. विषयांतर झालं, पण राहवलं नाही.)

बाहेर जायचंच असेल तर एकदाच, शेवटी. तोवर विग सापडलेला असतो; आदाम पळतो आणि सगळे खिडकीशी धावून सांगतात, तो बघा, नांगरलेल्या शेतातून चाललाय, विग पाठीवर चाबकासारखा बसतोय. रंगभूमीला हे दाखवता येत नाही, म्हणून क्लाइस्टनं ते पात्रांच्या तोंडी घातलं. तासभर चार भिंतींत कोंडल्यावर तिथं कॅमेरा खिडकीबाहेर काढा. पुण्यात असाल तर सासवडच्या बाजूला नांगरट झालेलं शेत बघून ठेवा, आणि आदामला पळायची तालीम आधी द्या. ढेकळांतून विग सांभाळत पळणं सोपं नाही.