आजोबांची जुनी पेटी (हार्मोनियम) अनोळखी माणसाला ऑनलाइन विकायची आहे. फसवणूक होऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की देवगडजवळच्या घरी आजोबांची हार्मोनियम पडून आहे, घरी आई एकटी असते आणि तुम्ही पुण्यात. ओएलएक्सवर जाहिरात टाकल्यावर तासाभरात एकाचा फोन आला. तो म्हणतो मी आर्मीत आहे, तुम्ही सांगाल ती किंमत मान्य, आणि आता क्यूआर पाठवून "स्कॅन करा, पैसे जमा होतील" म्हणतोय.

स्कॅन करू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. यूपीआयवर पैसे घ्यायला आपल्याला काहीच करावं लागत नाही. स्कॅन नाही, पिन नाही, ओटीपी नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला, नाहीतर शिल्लक बघायला. एका माणसाने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैसे "मागण्याची" सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे फसवणुकीची एक वाट बुजली. पण क्यूआरची वाट उघडीच आहे, म्हणून ही माणसं आता सगळी तिकडे वळलीत. फौजी ओळखपत्राचा फोटो, कॅन्टीन कार्डाचा फोटो, "आमचं पेमेंट उलटं असतं, आधी तुमच्याकडून येतं मग दुप्पट जातं", हे सगळं ठरलेलं बोलणं आहे. सैन्यात अशी कसली पद्धत नाही.

मी कुडाळचा. भजनात पखवाज वाजवतो. स्वतःची आणि मंडळातल्या लोकांची मिळून आठ-नऊ वाद्यं अशी ऑनलाइन विकली आहेत. त्यात एकदा मी स्वतः बुडालोय, म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितोय. २०२३ च्या मे महिन्यात पुतणीचा कीबोर्ड विकायला काढला होता. समोरच्याने आधी पाच रुपयांचा क्यूआर पाठवला. मी स्कॅन केला, पिन टाकला, पाच रुपये गेले आणि लगेच दहा आले. मला वाटलं, खरंच आहे की! मग साडेसहा हजारांचा आला. पिन टाकला. बँकेचा मेसेज मी वाचतोय तोवर तो फोनवर शांतपणे म्हणाला, "सर, सर्व्हर एरर आला, रक्कम अडकली, अजून एकदा करा, दोन्ही एकदम परत येतील." आणि मी दुसऱ्यांदा पिन टाकला. तेरा हजार. फोन कट. रात्रभर घरात कोणाला सांगितलं नाही, लाज वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, तोपर्यंत त्या खात्यातून पैसे पुढे गेलेले होते. असं काही झालंच तर त्याच मिनिटाला १९३० फिरवा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येते. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवर लेखी तक्रार करा. लाजेत घालवलेली ती एक रात्र मला सगळ्यात महाग पडली.

नंतर ते संभाषण पुन्हा पुन्हा आठवलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्या माणसाने कीबोर्डबद्दल एक शब्दही विचारला नव्हता. किती सप्तकांचा, अडॅप्टर आहे का, एखादी पट्टी बंद आहे का, काही नाही. "प्रॉडक्ट कंडिशन गुड आहे ना?" एवढंच. आणि खरा गिऱ्हाईक कसा बोलतो? आमच्या मंडळातली पेटी काढली तेव्हा कणकवलीकडच्या एका बुवांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत पहिला प्रश्न: "भाता कसो आसा?" दुसरा: "खर्ज-नर आसा काय?" (म्हणजे जाड आणि मधला, दोन्ही आवाजांचे सूर आहेत का.) तिसरा: "मी येऊन वाजवन बघू?" पैशांचं बोलणं त्यानंतर पंधरा मिनिटांनी. वाद्य घेणाऱ्याला पैसे पाठवायची घाई नसते, त्याला आधी ऐकायचं असतं. तेव्हापासून माझा नियम एकच: वाजवून बघितल्याशिवाय कोणाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, बयाणासुद्धा नाही. लबाड माणूस या अटीपाशी गळतो, कारण त्याला यायचंच नसतं. तुमच्या फौजीला विचारून बघा, "कुठल्या पट्टीत गाता?", म्हणजे गाताना सा कुठला धरता.

आता जाहिरात. ती काढून पुन्हा टाका. घराचं, वाडीचं नाव नको, "देवगड तालुका" पुरे. आईचा नंबर तर अजिबात नको. फोटोत ओटी, दार, तुळशीवृंदावन, गाडीची नंबरप्लेट येऊ देऊ नका; पेटी एका चादरीवर ठेवून काढा. घराबद्दल जेवढं कमी तेवढं बरं, पेटीबद्दल मात्र जेवढं जास्त तेवढं चांगलं. किती सप्तकांची, सुरांच्या (म्हणजे आतल्या पितळी पात्यांच्या) किती लाइनी, स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सा बदलायची सोय) आहे का, कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलीही वाजते ती सोय) आहे का, पेटी शेवटची कधी उघडली होती. जर्मन सूर आहेत की गुजरातेतल्या पालिताण्याचे, हे पेटी उघडून, सुरांवरचा छाप बघून खात्री केल्याशिवाय लिहू नका. जुनी पेटी म्हणजे जर्मनच, असं सगळे लिहितात आणि जाणकार तिथेच जाहिरात सोडून देतो.

आणि एक व्हिडिओ करा. सगळे स्टॉपर (पुढचे ओढायचे खुंटे) बंद करून भाता भरा आणि हात सोडा. भाता हळूहळू बसला तर ठीक, धाडकन पडला तर हवा गळतेय. मग स्टॉपर उघडून प्रत्येक पट्टी एकेक करून वाजवा, न थांबता, एकाच टेकमध्ये. जी वाजत नाही ती वाजत नाही असं दिसू दे. आपल्याकडे खाऱ्या हवेने पितळी सुरांवर हिरवट थर धरतो, चामड्याला बुरशी येते, उंदीर भात्याचे कोपरे कुरतडतात. एका पेटीत तर मला कुंभारीण माशीचं मातीचं घर मिळालं होतं, तीन सूर बंद पडलेले त्याच्यामुळे. हे कोकणात कोणालाच नवीन नाही, त्यामुळे सांगायला संकोचू नका. दोष आधी सांगितलेला असला की बघायला येणारा माणूस तोच दोष दाखवून ऐनवेळी भाव पाडू शकत नाही. आणि भांडणं होतात ती तिथेच.

हा व्हिडिओ शक्यतो पावसाच्या आधी करा. गिऱ्हाईक जास्त मिळतं ते आषाढ-श्रावणात, गणपतीच्या आधी, कारण तेव्हा प्रत्येक वाडीला पेटी आणि पखवाज हवा असतो. पण पेटीची अवस्था सगळ्यात वाईट असते तीही तेव्हाच. लाकूड फुगतं, पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. मे महिन्यातली तारीख दिसणारा व्हिडिओ जवळ असला तर "ही दमटपणाची अडचण आहे, बिघाड नाही" हे दाखवता येतं. पट्ट्या मोकळ्या व्हाव्यात म्हणून पेटी उन्हात मात्र ठेवू नका, सांधे सुटतात.

भेटायचं कुठे? घरी नाही. आई एकटी असताना तर नाहीच. तुम्ही गावी याल त्या दिवसांतच विक्री ठेवा. ऑनलाइनवाले सांगतात तसं गर्दीच्या ठिकाणी, एसटी स्टँडवर वगैरे बोलावलंत तर चोर येणार नाही हे खरं, पण हॉर्न आणि अनाउन्समेंटमध्ये पेटीचा सूर कसा ऐकणार? माझी जागा म्हणजे देवळाचा सभामंडप, दिवसाउजेडी, आरतीच्या वेळा सोडून. शांतता असते, बसायला जागा असते, पुजारी किंवा मानकऱ्यांपैकी कोणीतरी असतंच, कीबोर्ड असेल तर प्लगही मिळतो. आणि सभामंडपात भजनातली एक-दोन माणसं सहज येऊन बसतात. पेटी वाजायला लागली की आमच्याकडे चार डोकी जमतातच, तेच आपले साक्षीदार. एक मात्र आधी बघून ठेवा: त्या जागी रेंज आहे का. आपल्या घाटांत आणि खाडीकाठी यूपीआय मध्येच अडकतं. समोरचा प्रामाणिक असला तरी "माझ्याकडून कट झाले, तुमच्याकडे येतील" यावर पेटी उचलून देऊ नका. त्याच्या मोबाइलवरची हिरवी टिक, स्क्रीनशॉट, आलेला एसएमएस, यातलं काहीही पुरावा नाही. तशी खोटी स्क्रीन दाखवणारी ॲप आहेत. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली की पेटी त्याची. दिसेपर्यंत दोघांनी चहा घ्यावा. त्याला खरंच घ्यायची असेल तर तो थांबेल. रोख देत असेल तर चांगलंच, फक्त दोन हजारांच्या नोटा घेऊ नका, त्या २०२३ मध्येच चलनातून काढून घ्यायला सुरुवात झाली आणि आता त्या साध्या बँकेत बदलून मिळत नाहीत, रिझर्व्ह बँकेकडेच द्याव्या लागतात.

व्यवहार झाला की साध्या कागदावर दोन प्रतींत पावती करा. दोघांची नावं, गाव, फोन, तारीख, रक्कम, पेटीचं वर्णन आणि "वाजवून, पाहून, आहे त्या स्थितीत घेतली" हे वाक्य. ओळखपत्र एकमेकांना दाखवा, पण आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर कोणी मागितला तर देऊ नका. तोच फोटो पुढच्या माणसाला फसवायला वापरला जातो. आजोबांच्या पेटीवर मंडळाचं किंवा देवस्थानाचं नाव रंगवलेलं आहे का, तेही बघा. पुष्कळ जुन्या पेट्यांवर असतं. असेल तर विकण्याआधी मंडळाच्या जुन्या माणसांना विचारा. पेटी आजोबांची की मंडळाची आजोबांकडे ठेवलेली, हे स्पष्ट करून घ्या आणि तसं दोन ओळींचं पत्र घ्या. नाहीतर घेणाराच चोरीची समजून परत फिरतो. खरोखर मंडळाची निघाली तर ती विकायचा प्रश्नच येत नाही.

मुंबईचा कोणी "पार्सल करा" म्हणाला तर मी शक्यतो नाही म्हणतो. त्याला सांगतो, गणपतीत गावी येशील तेव्हा वाजवून घेऊन जा, नाहीतर तुझ्या इथल्या नातेवाइकाला पाठव. बहुतेकांचं कोणी ना कोणी असतंच.

पायाने भाता मारायची पायपेटी असेल, किंवा पेटीवर जुन्या कारखान्याची पितळी पट्टी असेल, तर घाई करू नका. "अँटिक आहे, आजच उचलतो" म्हणणारा व्यापारी आला तरी आधी पेटी दुरुस्त करणाऱ्या एखाद्या कारागिराला उघडून दाखवा. तो पाचशे-हजार घेईल, पण दुरुस्तीला किती लागतील आणि आज कितीला जाईल हे दोन्ही सांगेल. भाव मी तरी त्यावरच ठरवतो: चालू स्थितीतल्या तशाच पेटीचा भाव, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा.

त्या फौजीचा नंबर ब्लॉक करण्याआधी त्याच्या चॅटचे आणि क्यूआरचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि ओएलएक्सवर त्याचं खातं रिपोर्ट करा. पैसे गेले नसले तरी नंबर कळवता येतो. आणि आईला आज रात्रीच फोन करून सांगा की पेटीबद्दल कोणी विचारत दारात आला तर "मुलगा आल्यावर या" एवढंच म्हणायचं, पेटी आहे की नाही हेही सांगायचं नाही.