वाचक विचारतात : दमणला जायचं, पण तिथी पाहून

प्रश्न : नंदुरबारहून दोन दिवसांसाठी सहकुटुंब दमणला जायचा बेत आहे. शेजारी जाऊन आले ते म्हणतात, संध्याकाळी समुद्रच नव्हता, नुसता चिखल! कधी जावं, काय पाहावं?

उत्तर : तिकीट काढायच्या आधी कॅलेंडरात तिथी बघा. दमण खंबातच्या आखाताच्या तोंडाशी आहे. तिथे भरती-ओहोटीतला फरक मोठा आणि किनारा सपाट, त्यामुळे ओहोटीला पाणी लांबवर हटतं. अमावास्या-पौर्णिमेला भरती भर दुपारी येते आणि सूर्यास्ताला पाणी ओसरलेलं असतं. शेजारी बहुधा अशाच दिवशी गेले असावेत. षष्ठी ते अष्टमीच्या सुमारास भरती संध्याकाळी येते. तेव्हा जंपोरच्या किनाऱ्यावर जा. देवक्याच्या किनाऱ्यावर खडक आहेत, मुलांना पाण्यात सोडू नका. पाणी मात्र कधीही गढूळच. नर्मदेचा आणि आपल्या तापीचा गाळ तिकडेच जातो.

ताप्ती लाइनने उधना किंवा सुरत, तिथून मुंबईकडची गाडी धरून वापी. सगळ्या गाड्या वापीला थांबत नाहीत, आधी खात्री करा. स्टेशनपासून दमण रिक्षाने साधारण १२ किलोमीटर.

किल्ले दोन, मध्ये दमणगंगा. सकाळी दक्षिणेकडचा मोटी दमण : पोर्तुगीजांनी १५५९ मध्ये गाव घेतलं, त्यानंतरचा हा कोट. आत आजही सरकारी कचेऱ्या चालतात. बॉम जेझस चर्चमधलं लाकडी कोरीवकाम सावकाश पाहा. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा फिरणं बरं दिसत नाही. ऊन उतरल्यावर नानी दमणचा सेंट जेरोमचा किल्ला. नदीकडच्या दरवाजाच्या दोन्ही बाजूंना दांडगे पुरुष कोरलेत, वर संताची मूर्ती. तटावरून मच्छीमार होड्या आणि समोरचा मोटी दमण एका नजरेत येतो. तटाच्या कडेला मुलांचा हात सोडू नका. १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनने इथे चढाई केली आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शरण आले. हे मुलांना तटावरच सांगा.

प्रश्न : येताना दमणहून बाटली आणली तर चालते का?

उत्तर : नाही. वापीपासून नवापूरपर्यंतचा सगळा रस्ता गुजरातचा, आणि तिथे दारूबंदी आहे. परवान्याशिवाय सीलबंद बाटली सापडली तरी गुन्हा दाखल होतो, गाडीही जप्त होऊ शकते. भाड्याची गाडी असेल तर चालकालाही आधीच बजावून ठेवा.