युद्धविरोधी कवितेच्या अ‍ॅनिमेशनमध्ये पॉपी वापरताना

पहिल्याच अ‍ॅनिमेशनसाठी युद्धविरोधी कविता निवडलीस, फार आवडलं. सुरुवातीला फूल आणि रंग एवढंच नीट सांभाळ.

लाल पॉपी, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या आठवणीचं मानलं जाणारं फूल, घेणार असशील तर ती युद्धभूमीवर का उगवली ते आधी समजून घे. तिचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं. माती उकरली गेली, उजेड मिळाला की रुजतं. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागातली जमीन उलथीपालथी झाली आणि तिथे पॉपी फुलल्या. म्हणून आधी माती दाखव, मग फूल. रक्ताचा थेंब पडून त्याचं फूल होणं हे दृश्य नवखे हमखास घेतात, ते टाळच.

आणि लाल पॉपी म्हणजे आपोआप युद्धविरोध नव्हे. ती प्रसिद्ध झाली कॅनडाचे लष्करी डॉक्टर आणि कवी जॉन मॅक्रे यांच्या १९१५च्या ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’ या कवितेमुळे, आणि त्या कवितेच्या शेवटी मृत सैनिक लढा पुढे चालवायला सांगतात! शांततेसाठीची पांढरी पॉपी ब्रिटनमध्ये को-ऑपरेटिव्ह विमेन्स गिल्ड या सहकारी चळवळीतल्या महिला संघटनेने १९३३ मध्ये आणली. तुझ्या कवितेला कुठली हवी, ते तूच ठरव.

रंगांबद्दल थोडक्यात:
- बाकी सगळं राखाडी, मातकट ठेव.
- लाल एकदाच, नेमक्या ओळीवर.

पाकळ्यांची हालचाल नंतर बघू. आधी सहा-सात स्थिर चित्रं काढ आणि कवितेच्या वाचनासोबत लावून बघ.