पहिला माहिती अधिकार अर्ज टाकताना

रस्त्याच्या कामात पैसे खाल्लेत हे गावभर ठाऊक असतं. बातमीला कागद लागतो. म्हणून अर्जात "काम निकृष्ट का झालं?" असं विचारूच नका. माहिती अधिकारी कारणमीमांसा करायला बांधील नसतो, अर्ज तिथेच निकालात निघतो. कागद नावानिशी मागा:

- कार्यारंभ आदेश (वर्क ऑर्डर)
- मोजमाप पुस्तिकेची (एमबी, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवायची सरकारी वही) त्या कामाची पानं
- अंतिम देयक (शेवटचं बिल)

एमबीत डांबरी थर 50 मिमी आणि जागेवर पट्टी लावली तर 30, की बातमी हाती आलीच म्हणा.

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पोच घेतल्याशिवाय हलू नका. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील (त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे दाद), फी 20 रुपये. नवखे नेमके इथे ढिले पडतात अन् मुदत घालवतात. दुसऱ्या अपिलाचं आत्ता डोक्यात घेऊ नका.

छापण्याआधी ठेकेदार आणि अभियंता, दोघांना लेखी प्रश्न पाठवा. बदनामीचा फौजदारी खटला (भारतीय न्याय संहिता, कलम 356) झालाच, तर नुसतं "खरं आहे" म्हणून भागत नाही, लोकहितही दाखवावं लागतं. त्यामुळे 'चोर' वगैरे शब्द नकोत. एमबीतला आणि जागेवरचा, दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा.