न्युमरिकल सुटतात पण कळत नाही: मॉडर्न फिजिक्सबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: मॅडम, मी सेकंड इयरला आहे आणि मॉडर्न फिजिक्सचा पहिलाच पेपर आहे. फॉर्म्युले पाठ आहेत, न्युमरिकल पण सुटतात. पण परवा सरांनी विचारलं की फोटोइलेक्ट्रिक इफेक्टवरून प्रकाश फोटॉनचा, म्हणजे ऊर्जेच्या सुट्या कणांचा, बनलाय हे कसं म्हणता, तर मला एक वाक्य धड बोलता आलं नाही. दर आठवड्याला नवीन टॉपिक, प्लँक झाला की आइनस्टाइन, मग कॉम्प्टन, मग बोर. सगळं सुटं सुटं वाटतंय. मी काय चुकतेय?

उत्तर: तू फॉर्म्युल्यापासून सुरुवात करतेयस, एवढंच चुकतंय. या विषयात फॉर्म्युला हे शेवटचं पान असतं. त्याच्या आधी दोन गोष्टी घडलेल्या असतात, एक म्हणजे जुन्या फिजिक्सने काहीतरी भाकीत केलेलं असतं, आणि दुसरं म्हणजे लॅबमध्ये ते चुकलेलं असतं. हे चुकणं नेमकं कुठे ते ज्याला दिसलं नाही त्याला उत्तर येऊनही काही कळलेलं नसतं.

आता फोटोइलेक्ट्रिकच घे. पुस्तक बाजूला ठेव आणि समज की तू १९०० सालातली आहेस आणि प्रकाश म्हणजे लहर हे तुला पक्कं ठाऊक आहे. धातूवर प्रकाश पडतो, इलेक्ट्रॉन बाहेर येतात. लहरीच्या हिशोबाने तू काय सांगशील? प्रकाश प्रखर केला की इलेक्ट्रॉनला जास्त जोराचा धक्का बसणार, म्हणजे तो जास्त वेगाने निघणार. रंग कुठलाही असो, पुरेसा वेळ थांबलं तर ऊर्जा साठणार आणि इलेक्ट्रॉन सुटणार. आणि प्रकाश अगदी मंद असेल तर साठायला वेळ लागणार, म्हणून इलेक्ट्रॉन उशिरा येणार. तिन्ही भाकितं अगदी सरळ आहेत, त्यात मूर्खपणाचं काही नाही, आणि तिन्ही चुकतात. १९०२ मध्ये लेनार्डने दाखवलं की प्रखरता वाढवली तर इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते पण त्यांची जास्तीत जास्त ऊर्जा तेवढीच राहते. हे वाक्य वाचून धक्का बसायला हवा, तो बसला नाही तर परत मागे जा आणि लहरीचं भाकीत पुन्हा वाच.

मग आकडे घाल. एक आकडा कायम लक्षात ठेव, १२४०. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये घेऊन १२४० ला तिने भागलं की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. ७०० नॅनोमीटरचा लाल प्रकाश म्हणजे साधारण १.७७, आणि ४०० चा जांभळा म्हणजे ३.१. सोडियममधून इलेक्ट्रॉन काढायला साधारण २.३ लागतात. म्हणजे लाल दिवा कितीही मोठा लावला तरी काही नाही, आणि मंद जांभळा दिवा लावला तर लगेच इलेक्ट्रॉन, वर ०.८ शिल्लक, म्हणून स्टॉपिंग पोटेन्शियल, म्हणजे इलेक्ट्रॉनांना अडवायला लागणारा उलटा व्होल्टेज, ०.८ व्होल्ट. हे स्वतःच्या हाताने केलं की आइनस्टाइनचं १९०५ चं समीकरण पाठ करावंच लागत नाही, तो नुसता जमाखर्च आहे. आणि मिलिकनची गोष्ट मला फार आवडते, त्याला प्रकाशाचे कण ही कल्पना पटतच नव्हती, वर्षानुवर्षं मोजत राहिला आणि १९१६ मध्ये इलेक्ट्रॉनांच्या जास्तीत जास्त ऊर्जेचा फ्रिक्वेन्सीविरुद्धचा आलेख बरोब्बर सरळ रेषेत आला, चढ प्लँकच्या स्थिरांकाएवढा. स्वतःला न पटणारी गोष्ट इतक्या प्रामाणिकपणे मोजणं मला तरी खूप मोठं वाटतं.

तुझ्या सरांचा प्रश्न मात्र दिसतो तेवढा सोपा नाही बरं का. अणूला क्वांटम मानलं आणि प्रकाशाला लहरच ठेवलं तरी फोटोइलेक्ट्रिकचं बरंचसं गणित बसवता येतं. म्हणून ‘सिद्ध होतं’ हा शब्द जपून वापर. इतिहासात बहुतेकांचं मन वळलं ते १९२३ मध्ये कॉम्प्टनमुळे. त्याने एक्स रे इलेक्ट्रॉनांवर आदळून कसे विखुरतात ते पाहिलं. तिथेही हेच कर, आधी जुनं भाकीत लिही: लहर इलेक्ट्रॉनला हलवते, तो त्याच फ्रिक्वेन्सीने पुन्हा लहर सोडतो, म्हणजे तरंगलांबी बदलायला नको. पण बदलली, आणि कोनाप्रमाणे बदलली, ९० अंशांवर २.४३ पिकोमीटर. कॉम्प्टनचे एक्स रे ७१ पिकोमीटरचे होते, म्हणजे जवळपास साडेतीन टक्के फरक, तो मोजता येतो. तोच २.४३ चा फरक ५०० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात शोधायला गेलीस तर दोन लाखांत एक भाग. मग एक्स रे च का, हा प्रश्न उरतच नाही.

एक वही कर, प्रत्येक प्रयोगाला एक पान, डावीकडे ‘जुनं फिजिक्स काय म्हणत होतं’ आणि उजवीकडे ‘काय दिसलं’. रदरफोर्ड, बोर, डेव्हिसन-जर्मर (इलेक्ट्रॉन लहरीसारखे वागतात हे दाखवणारा प्रयोग) सगळे असे लिहिलेस की ते सुटे वाटणार नाहीत, कारण एकाच्या उजव्या बाजूतून दुसऱ्याची डावी बाजू निघताना दिसेल.

प्रश्न: रिलेटिव्हिटीत दोघांनाही समोरच्याचं घड्याळ हळू चालताना दिसतं म्हणतात. मग खरं हळू कोणाचं? मी गॅमा (वेगावरून येणारा गुणक) लावून उत्तर काढतो पण कधी गुणायचं कधी भागायचं हे अंदाजानेच.

उत्तर: ‘दिसतं’ या शब्दाने घोळ केलाय. पळत्या घड्याळाची गती मोजायची तर तुला तुझी दोन घड्याळं लागतात, एक सुरुवातीच्या जागी, एक शेवटच्या, आणि दोन्ही जुळवलेली. समोरचा म्हणतो, तुझी ती दोन घड्याळं माझ्या मते जुळलेलीच नाहीत. म्हणजे दोघंही समोरच्याच्या एका घड्याळाची आपल्या दोन घड्याळांशी तुलना करतायत, मोजमापच वेगळं आहे, म्हणून भांडण नाही. तू ‘एकाच वेळी’ हा शब्द न तपासता वापरतोस तिथेच अडकतोस, सगळेच अडकतात.

गॅमासाठी एक सवय लाव, आधी दोन घटना शब्दांत लिही. म्युऑन घे, म्हणजे हवेत वर तयार होणारा, इलेक्ट्रॉनसारखाच पण जड आणि अल्पायुषी कण. घटना एक, सुमारे १५ किलोमीटर वर तो जन्मला. घटना दोन, तो जमिनीवर पोचला. म्युऑनच्या घड्याळापाशी दोन्ही घटना एकाच जागी घडतात, म्हणून त्याचा वेळ सगळ्यात कमी, आपला त्याच्या गॅमापट. वेग प्रकाशाच्या ०.९९५ पट धर, गॅमा १० येतो. त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, त्यात जुन्या हिशोबाने तो जेमतेम ६६० मीटर जाईल आणि अब्जावधींतला एखादाच खाली पोचेल. गॅमा धरून साधारण दहातला एक पोचतो (हवेत ऊर्जा जाते ते इथे सोडलंय). म्युऑनच्या बाजूने बघितलं तर त्याचं घड्याळ अगदी नॉर्मल आहे, हवेचा थरच १५ चा दीड किलोमीटर झालाय. दोन्हीकडून हिशोब कर, उत्तर तेच यायला पाहिजे, नाही आलं तर घटना लिहिताना चूक झालीय.

प्रश्न: नोकरी करत बऱ्याच वर्षांनी पुन्हा अॅडमिशन घेतलीय. गणित विसरलोय. श्रोडिंगर समीकरणाची भीती वाटते. किती गणित लागेल?

उत्तर: वाटतं त्यापेक्षा कमी, पण जे लागतं ते हाताला यायला हवं. कॉम्प्लेक्स नंबर, साइन-कोसाइनचं इंटिग्रेशन, दुसऱ्या ऑर्डरचं साधं डिफरन्शियल समीकरण आणि सरासरी कशी काढतात, एवढं आधी पंधरा दिवस रोज थोडं थोडं करा. मग थेट डब्यातला इलेक्ट्रॉन घ्या. भिंतींवर वेव्ह फंक्शन (इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती हे ज्यावरून काढतात ती लहर) शून्य, म्हणजे दोन्ही टोकं बांधलेली तार, तिच्यात अर्ध्या लहरी पूर्णच बसल्या पाहिजेत. ऊर्जेच्या पायऱ्या एवढ्यातूनच पडतात, कुठेही जादू नाही. १ नॅनोमीटरच्या डब्यात पहिली पायरी सुमारे ०.३८ इलेक्ट्रॉन व्होल्ट, दुसरी तिच्या चौपट, तिसरी नऊपट. दुसरीवरून पहिलीवर उडी मारली तर सुमारे ११०० नॅनोमीटरचा प्रकाश, म्हणजे इन्फ्रारेड. आता डबा अर्धा करून हेच पुन्हा काढा, २७५ च्या आसपास यायला हवं, थेट अल्ट्राव्हायोलेट. क्वांटम डॉट्स (काही नॅनोमीटरचे सेमीकंडक्टरचे कण) छोटे केले की त्यांचा रंग निळ्याकडे सरकतो ना, त्याचा गाभा हाच आहे, त्यातलं गणित अजून थोडं गुंतागुंतीचं असतं पण दिशा तुम्हाला याच एका पानात सापडेल.