छोट्या स्पोर्ट्स कार कंपन्या इंजिन कुठून आणायच्या?

बहुतेक वेळा मोठ्या कंपन्यांच्या चालू मॉडेलमधून. ओतकाम, मशिनिंग, प्रदूषण चाचण्या हा खर्च वर्षाला थोड्याच गाड्या विकणाऱ्याला झेपत नाही. मॉर्गन या छोट्या ब्रिटिश कंपनीने १९६८ मध्ये आपल्या प्लस ८ गाडीसाठी रोव्हर या मोठ्या ब्रिटिश कंपनीचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन घेतलं; तेही रोव्हरने मुळात अमेरिकेच्या ब्युइककडून घेतलेलं!

१९९६ ची लोटस एलिस ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार बघा. तिच्यात रोव्हरचं १.८ लिटरचं के-सीरीज इंजिन, ताकद ११८ बीएचपी (हॉर्सपॉवर). पुढची चाकं चालवणारं आडवं इंजिन गिअरबॉक्ससकट सीटच्या मागे बसवायचं, म्हणजे पुढची चाकं फिरवणारे शाफ्टच आता मागची चाकं फिरवतात. गाडी जेमतेम ७२५ किलोची, त्यामुळे एवढी ताकद भरपूर झाली. गिअरच्या केबल, माउंटिंग, एक्झॉस्ट मात्र नव्याने करावे लागतात.

खरी डोकेदुखी कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मध्ये लांबलचक पाइप. त्यात या के-सीरीजचा थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप) कूलंट इंजिनात शिरतं त्या बाजूला. तो उघडला की गार कूलंटचा लोंढा तापलेल्या इंजिनात घुसतो, आणि असे झटके खाऊन हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि वरचं सिलिंडर हेड यांच्यामधलं सील) जातं. कूलंट कमी होतंय आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसतेय, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये मिसळत असू शकतं, तर गाडी चालवू नका. गॅस्केट बदलताना स्टीलच्या अनेक थरांचं घ्या, हेडची पातळी तपासा आणि सिस्टीममधली हवा नीट काढा. निम्मी कामं तिथेच फसतात.

२००४ पासून एलिसमध्ये टोयोटा सेलिका या गाडीचं १.८ लिटर इंजिन आलं, अमेरिकेच्या प्रदूषण नियमांत बसणारं. बरंच झालं, कारण पुढच्याच वर्षी के-सीरीज बनवणारी एमजी रोव्हर (रोव्हरचं तेव्हाचं नाव) बुडाली.