बेटांना नावं ठेवणारे दर्यावर्दी

प्रश्न : पॅसिफिक महासागराच्या नकाशात 'निराशेची बेटं' असं नाव दिसलं. तिथं असं वाईट काय आहे? युरोपीय दर्यावर्दी ही नावं कशावरून देत आणि तिथल्या लोकांनी ती मान्य कशी केली?

उत्तर : त्या बेटांत वाईट काहीच नाही. निराश झाला होता तो ब्रिटिश आरमारातला जॉन बायरन. जून 1765 मध्ये त्याचं 'डॉल्फिन' जहाज तिथं पोचलं तेव्हा खलाशांना स्कर्व्हीनं, म्हणजे ताजी फळं-भाज्या न मिळाल्यानं होणाऱ्या रोगानं, ग्रासलं होतं. ताजं अन्न मिळालं तरच ते वाचणार होते. पण नांगर टाकायला जागा सापडेना, आणि भाले घेऊन उभी असलेली माणसं परक्यांना किनाऱ्यावर उतरू देईनात. बेटांना 'निराशेची बेटं' हे नाव देऊन बायरन पुढे निघून गेला. नापुका आणि तेपोटो ही त्या बेटांची मूळ नावं. तिथं पिढ्यान्‌पिढ्या माणसं नांदत होती. त्यांच्या घरादाराला निराशा का म्हणायचं? पुढे ताकारोआ आणि ताकापोटो इथं बायरनला नारळ मिळाले, तेही बंदुका चालवून, आणि त्या बेटांना राजा जॉर्जचं नाव मिळालं.

नाव बेटाचं असलं तरी त्यात हकिकत जहाजाची असते, असं माझं ठाम मत आहे. सर्वांत चीड आणणारं उदाहरण स्पेनच्या वतीनं निघालेल्या पोर्तुगीज दर्यावर्दी मॅगेलनचं. मार्च 1521 मध्ये तो पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटाला पोचला तेव्हा त्याची माणसं चामडं आणि उंदीर खाऊन जगत होती. तिथले चामोरो लोक जहाजावर चढले, हाताला लागेल ते उचललं आणि एक होडीही नेली. मॅगेलननं हत्यारबंद माणसं उतरवून चाळीस-पन्नास घरं जाळली, सात माणसं मारली, होडी परत आणली. आणि नकाशावर लिहिलं गेलं 'चोरांची बेटं'! जाळलेल्या घरांचा त्या नावात मागमूसही नाही. 1668 मध्ये स्पेनची राणी मारियाना हिच्या नावावरून ती मारियाना बेटं झाली. चामोरोंना तेव्हाही कुणी विचारलं नाही.

बाकी बरीचशी नावं वरिष्ठांच्या मर्जीसाठी. स्पॅनिश दर्यावर्दी मेंदान्यानं 1595 मध्ये मार्केसास बेटांना हे नाव पेरूच्या व्हाइसरॉयच्या मार्क्विस या किताबावरून दिलं. ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकनं 1778 मध्ये हवाईला आरमाराचा प्रमुख लॉर्ड सँडविच याचं नाव दिलं. कधी सण कामी येई : डच दर्यावर्दी रोगेवेन 1722 च्या ईस्टरला रापा नुईला पोचला, म्हणून ईस्टर बेट. आणि कुक बेटं? ते नाव कुकनं दिलेलंच नाही. रशियन दर्यावर्दी क्रुझेनश्टर्न यानं 1820 च्या दशकात आपल्या नकाशासंग्रहासाठी ते योजलं.

आता मान्यतेचं. संमती मागितलीच कुठे होती? नकाशे युरोपात कोरले जात, छापले जात, आणि पुढचं जहाज तेच नाव घेऊन येई. बेटांवरचे लोक आपापसांत आपलीच नावं वापरत राहिले. कुकनं 'मित्रांची बेटं' म्हटलेलं टोंगा टोंगाच राहिलं. न्यू हेब्रिडीजनं 1980 मध्ये स्वतंत्र होताना वानुआतु हे नाव घेतलं. गिल्बर्ट बेटांनी 1979 मध्ये 'गिल्बर्ट'चाच स्वतःच्या भाषेतला उच्चार देशाचं नाव म्हणून ठेवला : किरिबाती, तिथल्या तोंडी किरिबास. नापुका आणि तेपोटो यांच्या समूहाला मात्र बायरनचं नाव अजून चिकटलेलं आहे. तुम्ही वहीत नकाशा काढाल तेव्हा नापुका, तेपोटो असंच लिहा.